औषध आणण्याची पाळी

औषध हातीं आलें म्हणजे रोग्याची चिंता मिटली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु जें औषध जन्मभर, एकहि दिवस न चुकतां घ्यावयाचें, त्याच्या बाबतींत खरी अडचण तेथूनच सुरू होते. एच्. आय्. व्ही. हा विषाणु नित्य औषधानें समूळ जात नाहीं, पण दबून राहतो. औषध वारंवार चुकल्यास तो पुन्हां बळावतो, व पुढें त्याच औषधास दाद देईनासा होतो. उलटपक्षीं, त्याचें रक्तांतील प्रमाण तपासणींतहि न सांपडण्याइतकें कमी होऊन तसेंच टिकलें, तर शरीरसंबंधांतून तो दुसऱ्यास लागत नाहीं. अर्थात् एकाचा नियमितपणा हाच दुसऱ्याचा बचाव होय.

हा नियमितपणा कसा साधावा, याचें उत्तम उदाहरण आफ्रिकेंतील मोझांबिक देशांत सांपडतें. तेथील टेटे प्रांतांत दवाखाने दूर, आणि औषध मात्र दरमहा आणावयाचें. त्यामुळें पुष्कळ रोगी मध्येंच उपचार सोडीत. सन २००८ मध्यें ‘मेदसाँ साँ फ्रोंतिएर’ या डॉक्टरांच्या संस्थेनें व सरकारी आरोग्यखात्यानें रोग्यांचेच लहान गट केले. एका गटांत फार तर सहा माणसें. दर महिन्यास सर्वांनीं जमून उरलेल्या गोळ्या मोजाव्या. मग ज्याची पाळी असेल त्यानें दवाखान्यांत जावें, स्वतःची प्रकृति दाखवावी, इतरांची हकीकत सांगावी आणि सर्वांचें औषध घेऊन यावें. वर्षाच्या बारा खेपांऐवजीं प्रत्येकास दोनच पुरत. सन २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें, सुमारें तेरा महिन्यांनंतर १३०१ जणांपैकीं १२६९ जणांचे उपचार चालू होते. ३० जण वारले, आणि केवळ दोघांचा पत्ता लागला नाहीं. प्रारंभीं प्रकृति स्थिर असलेल्यांनाच गटांत घेतलें होतें हें खरें. तथापि हें यश लहान नव्हे.

मात्र अशा गटांत शिरण्यासाठीं गटांतील इतरांपुढें आपला रोग उघड करावा लागतो. जेथें शेजारी वाळींत टाकतात, तेथें हें धैर्य कोण करील? आपल्या देशांत सन २००४ पासून सरकार हें औषध विनामूल्य देऊं लागलें. अशा रोग्यांशीं भेदभाव करण्यास मनाई करणारा सन २०१७ चा कायदाहि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. परंतु कायदा कोणाच्या शेजारीं जाऊन बसत नाहीं. तें आपणांसच केलें पाहिजे. एका बाकावर बसल्यानें वा एका पंक्तीस जेवल्यानें हा रोग लागत नाहीं, एवढें जरी आम्हीं विद्यार्थ्यांनीं घरोघरीं सांगितलें, तरी आमच्या वांट्याची पाळी आम्हीं बजावली असें होईल.