पित्तरपाट्यात हैदराबाद

पहाटे साडेपाच. रात्रीची बस इमलीबनला टेकली. पाटी महात्मा गांधी बसस्थानकाची, पण रिक्षावाल्याला इमलीबनच कळतं. हिंगोलीहून आम्ही दोघीच, मी आणि धाकटी जाऊ. तिची पहिली खेप. माझी कितवी, ते मोजणं सोडलंय. बांगड्या-कटलरीचं आमचं दुकान आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी थाटलं आणि खरेदीही त्यांनीच शिकवली. वर्षातून दोन फेऱ्या: एक श्रावणाआधी, एक पित्तरपाट्यात. पित्तरपाट्यात आमच्याकडे कुणी नवी बांगडी भरत नाही, दुकानात माश्या मारत बसायचं. तेवढ्यात दसऱ्याचा माल आणून टाकायचा. त्यातही पहिला आठवडाच धरायचा. सर्वपित्री अमावास्येला तेलंगणात बतुकम्मा सुरू होते. त्याच्या आधीचे चार-पाच दिवस तिकडच्याच बाया बाजारात एवढ्या असतात, की घाऊकवाला आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आठ. तोंड धुऊन, इडली खाऊन झाली. जाऊ पिशव्यांच्या घड्या घालून तयार.

"अक्का, आठ वाजले, निघायचं ना?"

"कुठं? शटरं बघायला?"

हिंगोलीत या वेळेला झाडलोट, उदबत्ती होऊन पहिलं गिऱ्हाईक येऊन गेलेलं असतं. हैदराबाद साडेदहाशिवाय डोळे उघडत नाही. नवखा माणूस सकाळी धावत सुटतो आणि दुपारी थकून पहिल्या दुकानात सगळं घेऊन मोकळा होतो. लोक मला विचारतात, हैदराबादला खरेदी कुठं करायची? मी म्हणते, आधी किती वाजता ते विचारा. रविवारी बेगम बाजारातली बरीच दुकानं बंद. शुक्रवारी दुपारी मक्का मशिदीला नमाजाची गर्दी, चारमिनारकडं पाय ठेवायला जागा नाही. लाडबाजार संध्याकाळी दिव्यात बघायला छान, पण तेव्हा भाव सुट्ट्या गिऱ्हाइकाचा. आम्ही मंगळवार-बुधवार धरतो.

साडेदहा. अफजलगंजवरून चालत बेगम बाजारात. ही जागा निजाम अली खानाच्या बेगमेनं व्यापाऱ्यांना दिली, म्हणून हे नाव, असं तिथले लोक सांगतात. एका गल्लीत पितळेची भांडी, दुसरीत सुका मेवा, पुढं प्लास्टिक, आणि मध्ये हातगाडीवाल्यांचं "सरको, सरको". आम्हाला लागतात टिकल्यांचे पत्ते, पिना, क्लचर, रबरं, कानातले. दसऱ्याला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतं. खाकीबाबा मठापासून सुरू झालेला आमचा दसरा दीडशे वर्षांहून जुना. आकाशपाळण्यावरून उतरलेली पोरगी आईचा पदर ओढत आधी कटलरीच्या स्टॉलवर येते. त्या दिवसांवर आमची दिवाळी ठरते.

घाऊकवाला आधी भाव सांगत नाही. आधी विचारतो, "कहां से, अम्मा?" हिंगोली म्हटलं की चेहरा कोरा. "नांदेड के आगे" म्हटलं की खुर्ची मिळते. पुढची बोली दखनीत. ती आम्हाला शिकावी लागत नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आमची माणसंही निजामाचीच रयत होती. आजेसासरे म्हातारपणीही हिशेब हाली सिक्क्यात सांगायचे. 'नक्को' आणि 'हौ' घरातलेच शब्द. घोटाळा होतो तो 'परसों'नं. मागच्या फेरीत ठरवलेले झुमके कुठं, विचारलं, तर "परसोंच खतम हुए." जाऊ हळहळली, दोन दिवस आधी आलो असतो तर! तिला काय माहीत, हैदराबादचं परसों गेल्या महिन्यातलंही असू शकतं.

बिल पक्कंच मागायचं. काचेच्या बांगड्यांवर जीएसटी नाही, पण इमिटेशनच्या दागिन्यांवर आहे. कच्च्या चिठ्ठीवरचा माल पुढं आपल्याच गळ्यात येतो.

दीड. नयापुलावरून मुसी ओलांडली. मदिनाजवळ चार घास खाल्ले. पत्थरगट्टीच्या दगडी कमानींखाली साड्यांचे ढीग बघून जाऊचे पाय जड झाले. "येताना," म्हटलं. येताना काही होत नसतं, हे तिलाही कळलं असावं.

दोन ते साडेचार, लाडबाजार. चारमिनार १५९१ चा. त्याच्या पश्चिमेला ही गल्ली, दोन्ही अंगांना नुसत्या बांगड्या. काचेचा माल बहुतेक फिरोजाबादहून आलेला. लाख मात्र इथलीच. २०२४ मध्ये हैदराबादी लाखेच्या बांगड्यांना जीआय मिळालं, तेव्हापासून प्लास्टिकवालाही छाती पुढं काढून "असली" म्हणतो. म्हणून मी जाऊला आधी कारागिराकडं नेलं. निखाऱ्यावर लाख मऊ होते. तो ती लोखंडी पत्र्यावर लाटून पट्टी काढतो, वळवून टोकाला टोक चिकटवतो आणि लाकडी साच्यावर माप बसवतो. मग खडे. बांगडी किंचित तापवायची, चिमट्यानं एकेक खडा टेकवायचा, दाबायचा. जास्त तापली तर खडा बुडतो, कमी तापली तर आठवड्यात गळतो. मी बांगडी घेताना खड्यावरून नख फिरवते. नख अडकलं, तर तो खडा वर राहिलाय, लुगड्याच्या काठाला लागून निघणार. नख सुळकन गेलं पाहिजे. आत्याबाई डोळे मिटून फिरवायच्या. चकाकीनं फसायला होतं म्हणायच्या.

दुसरी गोष्ट मापाची. दोन-चार म्हणजे सव्वादोन, दोन-आठ म्हणजे अडीच. टिंबापुढचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागाचा. जाऊ दोन-चारचे डबे काढत सुटली, कारण नमुने त्याच मापात मांडलेले असतात आणि नाजूक दिसतात. अगं, आपल्या बाया कापूस वेचतात, हळद काढतात. पंजा भरलेला असतो. आपल्याला दोन-सहा आणि दोन-आठ जास्त, दोन-दहा थोड्या, दोन-चार फक्त कॉलेजच्या पोरींपुरत्या. न खपलेला माल बहुतेक वेळा रंगानं नाही, मापानं पडून राहतो. लाख तर जास्त घ्यायचीच नाही. आमचं दुकान पत्र्याचं. चैत्रात लाख मऊ पडते आणि खडे डब्यात गोळा होतात.

भाव करताना उठून दोन पावलं चालावं लागतं. तिसऱ्या पावलाला बोलावणं आलं नाही, तर समजायचं भाव खरा होता. मग मुकाट्यानं परत जायचं. मी दोनदा परत गेले. लाज कसली त्यात?

साडेपाच. गठ्ठे शिवून ट्रान्सपोर्टवर. काच इथं टाकायची नाही, हा धडा मी पैसे मोजून शिकले आहे. एका वर्षी गठ्ठा उघडला तर हिरव्या बांगड्यांचे दोन डबे अख्खे वाढलेले. बिल्टीवर 'मालकाच्या जोखमीवर' छापलेलं असतंच. तेव्हापासून कटलरी बिल्टीनं, काच मांडीवर. बिल्टीची घडी ब्लाउजमध्ये, आणि मग चारमिनारजवळ इराणी चहा, त्यात बुडवून उस्मानिया बिस्किट. दिवसातली एवढीच चैन. जाऊनं दुसरा कप मागितला.

साडेनऊ. परतीची बस. डबे पायाशी, दोन मांडीवर. पलीकडच्या सीटवर वसमतची बाई, दवाखान्याच्या कामानं आलेली. तिची नजर जाऊच्या हातातल्या लाखेच्या जोडावर.

"केवढ्याला?"

जाऊनं माझ्याकडं पाहिलं. मी भाव सांगितला, वाटखर्च धरून. बाईनं थोडी घासाघीस केली.

"पित्तरपाट्यात भरणार नाही बरं का. घेऊन ठेवते, घटाला घालीन. माझं माप आहे का?"

बसमधला दिवा बंद झाला होता. जाऊनं अंधारातच तिचा पंजा हातात घेतला, अंगठ्याच्या सांध्यापाशी दाबून बघितला आणि म्हणाली, "दोन-सहा."

मी डबा उघडला.