नुसता गोल फिरतोय, पुढे काय?

जुलै संपत आला की मुरुमच्या सेवा केंद्रांबाहेर चपलांचा ढीग वाढत जातो. आलूर, बेळंब, केसरजवळग्याकडून आलेली माणसं पिशवीत सातबारा, आठ-अ, पासबुक आणि पीकपेऱ्याचं घोषणापत्र घेऊन बसलेली असतात. सोयाबीन उगवून वर आलेलं असतं आणि पीक विम्याची मुदत दोन दिवसांवर. आत केंद्रचालक शेवटच्या पानावरचं ‘सबमिट’ दाबतो आणि पडद्यावर एक गोल फिरायला लागतो. मिनिट जातं, दोन जातात. ‘घेतला का हो?’ अशी बाहेरून विचारणा होते. चालक तरी काय सांगणार? पडद्यानं त्यालाच काही सांगितलेलं नसतं.

2023 च्या खरिपात राज्यानं एक रुपयात पीक विमा दिला, तेव्हा पोर्टलवर अशी झुंबड उडाली की 31 जुलैची मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. 2025 च्या खरिपापासून ती सवलत गेली आणि शेतकऱ्याला पुन्हा आपला हिस्सा भरावा लागू लागला. म्हणजे गोल फिरत असताना आता एका रुपयापेक्षा बरीच मोठी रक्कम टांगणीला लागलेली असते. लाखो लोक एकाच वेळी आले तर सर्व्हर मंदावणार, हे समजण्यासारखं आहे. पण मंदावलेल्या यंत्रणेनं समोरच्या माणसाशी काय बोलायचं, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याकडे आपल्याकडे फारच कमी लक्ष दिलं जातं.

आधी त्या गोलाबद्दल. तो फिरतोय म्हणजे पलीकडे काम चालू आहे, असा आपला समज असतो. तसं काही नसतं. ते आपल्याच ब्राउझरमधलं एक छोटं चलचित्र असतं. बटण दाबलं की ते सुरू होतं आणि उत्तर आलं की थांबतं. मधल्या काळात सर्व्हर बंद पडला, अर्ज वाटेत हरवला किंवा रेंज गेली, तरी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं तशी तजवीज केली नसेल तर गोल आपला फिरतच राहतो. त्याला पलीकडची काहीच खबर नसते.

याच्या उलट गंमतही घडते. प्रोग्रॅम लिहिणारा प्रामाणिकपणे ‘कृपया थांबा, माहिती तपासत आहोत’ असं वाक्य दाखवायची सूचना लिहितो, लगेच पुढच्या ओळीत मोठं काम सुरू करतो, आणि ते वाक्य पडद्यावर उमटतच नाही. कारण पानातलं काम करणं आणि पान रंगवणं या दोन्ही गोष्टी ब्राउझर साधारणपणे एकाच धाग्यावर, एकामागून एक करतो. हातातलं काम संपल्याशिवाय तो पान रंगवायला वळत नाही. तोवर पडदा गोठलेला, बटणं मुकी. काम संपल्यावर वाक्य उमटायची वेळ येते, तेव्हा ते पुसायची सूचनाही आलेली असते. उपाय अवघड नाही. निरोप रंगवण्याइतकी उसंत ब्राउझरला द्यायची आणि मग काम सुरू करायचं, किंवा जड काम पार्श्वभूमीवरच्या वेगळ्या धाग्यावर सोडायचं. मात्र त्यासाठी कुणीतरी मंद फोनवर बसून ते पान वापरून बघायला हवं. विकसकाच्या वेगवान संगणकावर हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकतं, म्हणून चूक दिसतच नाही.

किती वेळ लागला की बोलायलाच हवं, याचे आडाखे जुने आहेत. रॉबर्ट मिलर यांनी 1968 मध्ये मांडलेल्या विचारांच्या आधारे जेकब नील्सन यांनी 1993 मध्ये तीन मर्यादा सांगितल्या. 0.1 सेकंदात उत्तर आलं तर ते तत्काळ वाटतं. 1 सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. 10 सेकंदांनंतर लक्ष उडतं, आणि तिथे काम कुठवर आलं हे दाखवणं भागच असतं. ब्रॅड मायर्स यांनी 1985 च्या निबंधात टक्क्यांत पुढे सरकणाऱ्या पट्टीचा अभ्यास मांडला होता. अशी पट्टी समोर असलेली लोकांना आवडत होती. आपल्या विम्याच्या पानावर मिनिटं जातात, आणि तिथे टक्केही नसतात.

1985 मध्येच डेव्हिड मायस्टर यांनी रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिलं. कारण न सांगितलेलं थांबणं, आणि किती वेळ ते ठाऊक नसलेलं थांबणं, जास्त लांब वाटतं असं त्यांचं म्हणणं. उमरग्याची गाडी ‘येणेगूरपर्यंत आली’ एवढं चौकशीच्या खिडकीवर कळलं तरी बाकावर बसलेल्या माणसाचा जीव भांड्यात पडतो, हे एसटीनं फिरणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

इथे एक धोकाही आहे. रायन ब्यूएल आणि मायकेल नॉर्टन यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रवासाच्या एका संकेतस्थळाची नक्कल केली होती. ‘आता या कंपनीची विमानं शोधतोय, आता त्या’ असं काम दिसत राहिलं तर लोक जास्त वेळ थांबूनही जास्त समाधानी होते. हे वाचून काही मंडळी न होणाऱ्या कामाचेही निरोप दाखवायला लागतील. पोटापाण्याच्या व्यवहारात हे मला मुळीच मान्य नाही. आधार तपासणी खरोखर चालू असेल तरच ‘आधार तपासत आहोत’ म्हणावं. पट्टी 99 टक्क्यांवर नेऊन तिथेच रखडवायची असेल, तर नुसता ‘तीनपैकी दुसरा टप्पा’ सांगितलेला कधीही बरा.

सगळ्यात मोठं संकट वेळेचं नाही, पुन्हा दाबण्याचं आहे. पैसे कापल्याचा संदेश फोनवर आला, पावती आली नाही, गोल फिरतोय. आता परत दाबायचं का? दाबलं तर दोन अर्ज आणि दोनदा पैसे, नाही दाबलं तर कदाचित एकही नाही. ‘रिफ्रेश करू नका, मागे जाऊ नका’ असा इंग्रजीतला दम देऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण वीज गेली तर पान कुणाला विचारून बंद होत नाही. खरा इलाज पडद्याच्या मागे आहे. अर्ज उघडतानाच त्याला एक क्रमांक द्यायचा, म्हणजे तोच अर्ज दहादा आला तरी सर्व्हर त्याला एकच धरेल. आणि आधी पोच द्यायची, तपासणी मागाहून करायची. वेबच्या नियमांत यासाठी 202 हा संकेत फार पूर्वीपासून आहे. ‘विनंती स्वीकारली, काम अजून व्हायचंय’ एवढाच त्याचा अर्थ.

पैशांच्या बाबतीत आपल्या देशानं ही शिस्त बऱ्यापैकी लावलेली आहे. यूपीआयवर ‘पेंडिंग’ दिसलं की जीव वरखाली होतो, पण रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर 2019 चं परिपत्रक पाठीशी आहे. एका खात्यातून पैसे कापले आणि दुसऱ्यात जमा झाले नाहीत, तर ते पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत, नाहीतर दिवसाला 100 रुपये भरपाई. म्हणजे ‘पेंडिंग’ या निरोपाला मुदत आहे आणि उशिराची किंमत यंत्रणा मोजते.

विम्यात ती किंमत शेतकरी मोजत आला. 2025 च्या खरिपाआधी राज्यात अतिवृष्टीनं नुकसान झालं तर 72 तासांत सूचना द्यावी लागे, ॲपवर, पोर्टलवर किंवा फोनवर. 2020 च्या ऑक्टोबरात आपल्या जिल्ह्यातलं सोयाबीन पाण्यात गेलं, तेव्हा वेळेत सूचना दिली नाही या कारणानं मोठ्या संख्येनं शेतकऱ्यांना भरपाई नाकारली गेली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि मे 2022 मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूनं निकाल लागला. शिवारात पाणी, खांबावर वीज नाही, फोनला रेंज नाही, अशा वेळी ते 72 तास कोणत्या घड्याळानं मोजायचे? शेतकऱ्यानं बटण दाबलं त्या क्षणाची नोंद कुठेच नसेल, तर त्याच्याजवळ पुरावा म्हणून काय उरतं?

15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत एक वाट सापडते. बांधावर रेंज नसेल तर फोटो आणि माहिती फोनमध्ये साठवून, गावात आल्यावर पाठवता येते. विम्यात नुकसानीची सूचना पुन्हा मागायची झाली तर हेच तत्त्व तिला लावावं. फोननं लगेच मराठीत सांगावं, ‘तुमची सूचना 14 तारखेला सकाळी 9 वाजून 20 मिनिटांनी या फोनमध्ये नोंदली आहे. रेंज आली की आपोआप जाईल. पुन्हा भरू नका.’ ती पोचली की दुसरा निरोप, क्रमांकासह. नाही पोचली तर तिसरा, कारणासह. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी हेच निरोप फोननं वाचून दाखवावेत, तशी सोय वेबच्या नियमांत आहेच. आणि मुदत मोजताना पहिल्या निरोपातली वेळ धरावी. फोनचं घड्याळ मागे सरकवता येतं, हा आक्षेप रास्त आहे, पण उपग्रहाकडून मिळणारी वेळ आणि जागा फोटोसोबत नोंदवता येते.

असं पोर्टल तयार झालं की त्याची पहिली चाचणी मुंबई-पुण्यात न घेता इथल्या एखाद्या केंद्रात घ्यावी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, मोबाइलच्या रेंजवर, बाहेर माणसं बसलेली असताना.