टॉयलेट पेपर वाचवा म्हणणाऱ्या रील्स व्हायरल होतायत, पण कबनूरच्या तांब्याचं गणित काय सांगतं?

सोशल मीडियावर थोडं स्क्रोल केलं की एखादी तरी रील समोर येतेच. कुणीतरी टॉयलेट पेपरचा रोल हातात धरून सांगत असतं की यासाठी जंगलं तोडली जातायत, कागद कमी वापरा, पृथ्वी वाचवा. खाली कमेंटमध्ये भारतीय मंडळी हमखास जमलेली असतात. "आमच्याकडे तांब्या आहे भावा", "टमरेल झिंदाबाद" आणि सोबत हसणाऱ्या इमोजींची रांग.

विषय हसण्यावारी जातो. पण त्यात दोन खरे प्रश्न दडलेले आहेत. पाण्याने धुणं खरंच कागदापेक्षा पर्यावरणाला बरं आहे का? आणि तसं असेल, तर कागद न वापरणाऱ्या गावाजवळची नदी इतकी घाण कशी?

हे समजून घ्यायला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं कबनूर चांगलं उदाहरण आहे. इचलकरंजीला अगदी खेटून असलेलं हे गाव. दिवसरात्र यंत्रमागांची खडखड, दाट वस्ती, उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण आणि जवळून वाहणारी पंचगंगा. इथल्या घरात टॉयलेट पेपरचा रोल शोधायला गेलात तर मिळणं कठीण. तांब्या, बादली-मग किंवा नव्या बांधकामात जेट स्प्रे, एवढ्यावर काम भागतं.

आधी कागदाची गोष्ट

पुसण्यासाठी कागद वापरणं ही मूळची चीनमधली पद्धत. इसवी सन ८५१ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या एका अरबी प्रवासवर्णनात, चीनचे लोक पाण्याने धुत नाहीत, कागदाने पुसतात, अशी नोंद आढळते. रोज पाण्याने धुणाऱ्या माणसाला ते तेव्हाही विचित्र वाटलं होतं.

आज ज्याला टॉयलेट पेपर म्हणतात, तो बाजारात आणला अमेरिकेतल्या जोसेफ गेयेटी यांनी, १८५७ मध्ये. तो सुट्या कागदांच्या गठ्ठ्यात मिळायचा आणि औषधी कागद म्हणून विकला जायचा. रोल नंतर आले. पुढे घराघरात फ्लशचे संडास झाले आणि कागदाचा खप वाढतच गेला.

हा कागद मऊ हवा, पण पुसताना फाटायला नको. त्यासाठी लाकडाचा नवाकोरा लगदा वापरला जातो. त्यातला बराचसा कॅनडाच्या उत्तरेकडच्या बोरियल जंगलातून येतो. ही जंगलं जमिनीत आणि झाडांत प्रचंड कार्बन साठवून ठेवतात. तिथली झाडं सावकाश वाढतात, त्यामुळे एकदा तोड झाली की जंगल पुन्हा तसंच उभं राहायला पिढ्या जातात. अमेरिकेतल्या 'एनआरडीसी' या पर्यावरण संस्थेने २०१९ मध्ये यावर अहवाल काढला. जगाच्या लोकसंख्येत अमेरिकेचा वाटा जेमतेम ४ टक्के, पण जगातल्या टिश्यू कागदापैकी २० टक्क्यांहून जास्त कागद तिथे खपतो, हे त्यातून पुढे आलं.

म्हणजे रील्समध्ये सांगतात ते खोटं नाही. एकदा वापरून पाण्यात सोडायच्या वस्तूसाठी जुनं जंगल तोडणं हा तोट्याचा सौदा आहे.

पण धुवायला पाणी जास्त लागत नाही का?

पाश्चात्त्य देशांतून हा आक्षेप नेहमी घेतला जातो. कबनूरसारख्या, पाण्याची वाट बघणाऱ्या भागात तर तो जास्तच महत्त्वाचा.

हिशोब सोपा आहे. एका वेळी धुवायला साधारण एक तांब्या, म्हणजे लिटरभर पाणी पुरतं. जेट स्प्रे दहा सेकंद धरला तरी साधारण तेवढंच. कागद वापरणारा माणूस हे लिटरभर पाणी घरात वाचवतो. पण लाकडाचा लगदा करणं, तो धुणं, ब्लीच करणं, या प्रत्येक टप्प्यावर कारखान्यात पाणी लागतं. ते नळाच्या बिलात दिसत नाही, इतकंच.

संडासात खरं पाणी जातं ते फ्लशमध्ये. जुन्या टाकीच्या एका फ्लशला १० लिटर किंवा त्याहून जास्त पाणी लागतं. दोन बटणांच्या नव्या टाकीत मोठ्या बटणाला साधारण ६ आणि लहान बटणाला ३ लिटर.

समजा, घरात पाच माणसं आहेत आणि प्रत्येकजण दिवसातून पाच वेळा संडास-बाथरूमला जातो. जुन्या टाकीत रोज २५० लिटर पाणी गेलं. नव्या टाकीत प्रत्येकाने एकदा मोठं आणि चारदा लहान बटण दाबलं, तर हिशोब होतो ९० लिटरचा. रोजचे १६० लिटर वाचले. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं असं 'जल जीवन मिशन'चं प्रमाण आहे. त्या मापाने हे जवळपास तीन माणसांचं दिवसभराचं पाणी झालं.

गावाकडचं बसायचं भांडं याहूनही काटकसरी. तीव्र उताराचं ग्रामीण भांडं दीड-दोन लिटर पाणी ओतलं तरी साफ होतं. म्हणून पाणी वाचवायचं असेल तर हात तांब्याकडे नको, फ्लशच्या टाकीकडे जायला हवा.

जग हळूहळू तांब्याकडे वळतंय

जपानमध्ये 'टोटो' कंपनीने १९८० मध्ये 'वॉशलेट' नावाचं, आपोआप पाण्याचा फवारा मारणारं सीट आणलं. आज तिथल्या बहुतेक घरांत अशी सीट्स आहेत. इटलीत तर १९७५ पासून घरात बिडे, म्हणजे धुवायचं वेगळं भांडं असणं नियमानेच बंधनकारक आहे. थायलंडपासून फिनलंडपर्यंत संडासात हँड शॉवर दिसतो.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटनमधल्या दुकानांतले टॉयलेट पेपर संपले. लोक रोलसाठी भांडतानाचे व्हिडिओ जगभर फिरले. त्याच काळात अमेरिकेत सीटला जोडायच्या साध्या बिडेची मागणी एकदम वाढली. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांना यात नवल वाटलं नसेल. तिथल्या बाथरूममध्ये कमोडशेजारी प्लॅस्टिकचा मग ठेवलेला असतोच.

धुतल्यावर कोरडं करायला कागद लागतो, असं काही जण म्हणतात. त्यासाठी एक-दोन तुकडे पुरतात. घरात प्रत्येकाचा वेगळा, रोज धुतला जाणारा छोटा सुती कपडा असेल तर तेही लागत नाहीत. हात मात्र साबणाने धुवायलाच हवेत. पाण्याने धुण्याची पद्धत आरोग्याला चांगली ठरते ती या अटीवरच.

मग पंचगंगा का घाण?

इथे गोष्ट कबनूरला परत येते. कागद वाचवला म्हणून पर्यावरण वाचलं, असं होत नाही. संडासातून बाहेर पडलेलं पाणी पुढे कुठे जातं, हा प्रश्न उरतोच.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी घेऊन वाहणारी पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. मधल्या वाटेत कोल्हापूर, इचलकरंजी आणि काठावरच्या गावांचं सांडपाणी तिच्यात मिसळतं. इचलकरंजीचा 'काळा ओढा' तर नावातच सगळं सांगून जातो. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला आणि या परिसराचं नशीब पालटलं. पण कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांचं रंगीत पाणी आणि वाढत्या वस्तीचा मैला, दोन्हींचा भार नदीवर पडला. उन्हाळ्यात पात्रभर पसरणारं केंदाळ आणि मरून तरंगणारे मासे ही त्याचीच लक्षणं.

याची किंमत माणसांनीही मोजली आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. अनेकांचे बळी गेले. अशी साथ पसरवणारा विषाणू मैल्यातून पाण्यात जातो आणि तिथून पुन्हा माणसाच्या पोटात. मैला आणि पिण्याचं पाणी एकमेकांपासून लांब ठेवणं किती गरजेचं आहे, ते त्या वर्षी घराघराला कळलं.

मैला लांब ठेवायचे दोन सोपे मार्ग आहेत. जागा असेल तर दोन शोषखड्ड्यांचा संडास. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा आणि पहिला बंद ठेवायचा. पाणी जमिनीत मुरतं, उरलेल्या मैल्याचं वर्ष-दोन वर्षांत कोरडं, वास नसलेलं खत होतं. खड्डे विहिरी-बोअरपासून लांब हवेत, एवढी काळजी घ्यायची. 'सुलभ'च्या बिंदेश्वर पाठक यांनी १९७० च्या दशकात हा संडास देशभर पोहोचवला. स्वच्छ भारत मिशननेही खेड्यांसाठी त्याचाच आग्रह धरला.

दाट वस्तीत सेप्टिक टँक असतो. त्याचं बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात किंवा भुयारी गटारीत जायला हवं. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी पाइप थेट उघड्या गटारीत सोडलेला असतो. गटार ओढ्याला मिळते आणि ओढा नदीला. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसणंही गरजेचं असतं. तुंबल्यावरच आठवण काढली, तर तोवर गाळ बाहेर वाहून गेलेला असतो.

नवा पाहुणा : वेट वाइप्स

टॉयलेट पेपर नाही म्हणून निश्चिंत राहायचे दिवस आता गेले. तान्ह्या बाळासाठी वेट वाइप्स घरोघर आले आहेत. हॉटेलात आणि मंगल कार्यालयात कागदी नॅपकिनचे ढीग असतात. टॉयलेट पेपर निदान पाण्यात विरघळतो. वाइप्समध्ये अनेकदा पॉलिस्टरचे, म्हणजे प्लॅस्टिकचेच धागे असतात. ते संडासात टाकले की तसेच राहतात.

२०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारीत २५० मीटर लांब आणि सुमारे १३० टन वजनाचा गोळा सापडला. स्वयंपाकाचं थिजलेलं तेल आणि वाइप्स मिळून तो तयार झाला होता. तो फोडायला कामगारांना कित्येक आठवडे लागले.

लंडनमध्ये त्यासाठी यंत्रं होती. आपल्याकडे टाकी किंवा गटार तुंबली की अजूनही कुणाला तरी आत उतरवलं जातं. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवायला बंदी आहे. तरीही टाकीतल्या विषारी वायूने माणसं मरतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. संडासात सहज टाकलेला वाइप किंवा सॅनिटरी पॅड शेवटी कुणाच्या जिवावर बेतू शकतो, हे यावरून लक्षात येईल.

घरच्या घरी काय करता येईल?

– संडासात मैला, पाणी आणि फार तर टॉयलेट पेपर, एवढंच जाऊ द्या. वाइप्स, पॅड, डायपर आणि कापूस कागदात गुंडाळून वेगळ्या कचऱ्यात द्या. पाकिटावर 'फ्लश करता येतं' असं लिहिलेलं असलं तरी वाइप संडासात टाकू नका.

– बाळाला पुसायला ओलं सुती फडकं वापरा. वाइप्स प्रवासापुरते ठेवा.

– जुनी फ्लश टाकी लगेच बदलणं परवडत नसेल, तर पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली झाकण घट्ट लावून टाकीत ठेवा. आतले भाग अडणार नाहीत अशी ठेवली, तर प्रत्येक फ्लशला लिटरभर पाणी वाचेल.

– संडासाच्या नळाची गळती आधी काढा. थेंबथेंब गळणारा जेट स्प्रे दिवसभरात तांब्यांच्या हिशोबात पाणी वाया घालवतो.

– घराचा सेप्टिक टँक शेवटचा कधी उपसला आणि त्याचा पाइप कुठे सोडलाय, ते शोधा. उपसताना यंत्राची गाडीच बोलवा. माणसाला आत उतरवू नका.

– जेवणानंतर टिश्यूऐवजी हातरुमाल वापरा. ज्या भागात सुती कापड गाठींनी तयार होतं, तिथे हात पुसायला जंगलातलं लाकूड कशाला?

– टॉयलेट पेपर लागतोच अशा घरांनी पुनर्वापरातल्या कागदाचा, बांबूचा किंवा उसाच्या चिपाडापासून केलेला रोल निवडावा.

थोडक्यात, कमेंटमध्ये तांब्याचा अभिमान मिरवणाऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कागदाच्या बाबतीत कबनूरचं घर न्यूयॉर्कच्या घराच्या कितीतरी पुढे आहे, आणि त्यासाठी त्याला वेगळं काही करावं लागलेलं नाही. उरलेलं अर्धं काम संडासाच्या भिंतीपलीकडे आहे. पाइप, टाकी, गटार, ओढा आणि नदी. पुढच्या वेळी तशी रील दिसली, तर हसून पुढे पाठवा, आणि एकदा आपल्या घराचा पाइप कुठे जातो तेही बघून या.