हॉप्सची पारख: आकडा कडवटपणाचा, ओळख सुगंधाची

बिअरचा कडवटपणा आणि तिचा बराचसा सुगंध एकाच वेलीतून येतो. हॉप्सची ही वेल गांजाच्या कुळातली. मादी वेलीला लागलेलं हिरवं, शंकूसारखं फूल उभं फाडलं, की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी दिसते. तिचं नाव ल्युपुलिन. एक जात दुसरीहून वेगळी ठरते ती मुख्यतः या भुकटीमुळे.

भुकटीत अल्फा आम्लं असतात आणि सुगंधी तेलंही. अल्फा आम्लं मुळात पाण्यात नीट विरघळत नाहीत. माल्टच्या अर्कात तासभर उकळल्यावर त्यांच्या रेणूंची रचना बदलते आणि बिअरला कडवटपणा चढतो. तेवढ्याच उकळीत सुगंधी तेलं मात्र वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडवटपणासाठीचे हॉप्स आधी पडतात आणि सुगंधासाठीचे अगदी शेवटी, किंवा आंबवण उरकल्यावर थंड बिअरमध्ये.

आता जाती पाहू. चेक प्रजासत्ताकातल्या झातेत्स परिसरातल्या साझमध्ये अल्फा आम्लं जेमतेम ३ ते ४ टक्के. तिचा सुगंध सौम्य, किंचित मसालेदार. पिल्सनर बिअरची ओळखच तो. झातेत्सचा हा हॉप्सचा मुलूख २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. १९७२ मध्ये अमेरिकेत आलेल्या कॅस्केडमध्ये हे प्रमाण साधारण ५ ते ७ टक्के, आणि वास आपल्या पपनसाच्या जवळ जाणारा. अमेरिकी पेल एलला तिनेच घडवलं.

खरी गंमत पुढे आहे. जर्मनीची मॅग्नम आणि अमेरिकेची सिट्रा या दोन्हींत अल्फा आम्लं १२ टक्क्यांच्या आसपास. साझच्या एक तृतीयांश वजनात तेवढाच कडवटपणा मिळतो. आकड्यात सारख्या असलेल्या या दोघी सुगंधात मात्र दोन टोकांना. मॅग्नमचा वास मंद, म्हणून ती उकळीच्या सुरुवातीला शोभते. सिट्रात आंबा, लिची, लिंबाची आठवण देणारी संयुगं असतात. त्यांतली काही गंधकयुक्त संयुगं नाममात्र प्रमाणातही नाकाला जाणवतात. तिला तासभर उकळणं म्हणजे हा सुगंध वाया घालवणं.

हवा आणि उष्णता लागली की अल्फा आम्लं आणि सुगंधी तेलं दोन्ही झिजतात. तेव्हा घरी बिअर बनवणाऱ्यांनी पाकिटावर अल्फाचा आकडा वाचावाच, पण कापणीचं वर्षही पाहावं आणि पाकीट फ्रीजरमध्ये हवाबंद ठेवावं. आकड्यावरून हॉप्स किती घालायचे ते कळतं. कोणते आणि केव्हा घालायचे, ते सुगंधावरूनच ठरवावं लागतं.