स्वेटरआधी नमुन्याचा तुकडा

नोएडात थंडीच्या तोंडावर क्रोशाचा स्वेटर घालायला घेणाऱ्यांना मी आधी नमुन्याचा तुकडा विणायला लावतो. फौजेत आधी रायफलीचं झिरोइंग, मग निशाणा, तसंच हे.

स्वेटरच्याच लोकरीचा, त्याच सुईने 15 सेंटिमीटरचा चौकोन विणा. धुऊन, वाळवून मधल्या 10 सेंटिमीटरमधले खांब मोजा. पॅटर्नमध्ये 16 असून तुमचे 18 आले, तर 80 खांबांचा पुढचा भाग 50 ऐवजी जेमतेम 44.4 सेंटिमीटर भरेल. मागचाही तेवढाच, म्हणजे छातीत 11 सेंटिमीटर कमी! खांब जास्त आले तर जाड सुई घ्या, कमी आले तर बारीक, आणि पुन्हा तुकडा विणा. हात मुद्दाम सैल सोडू नका. तो तसा राहत नाही. उंची ओळी वाढवून साधता येते, रुंदी मात्र उसवल्याशिवाय नाही.