भारीतली व्हिस्की लिव्हरला कमी त्रास देते का?

"डॉक्टर, मी देशी घेत नाही. भारीतलीच घेतो, आणि तीही मोजून."

सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर ठेवता ठेवता पेशंट हे वाक्य बोलतात. शेजारी बसलेल्या ताई काही बोलत नाहीत, फक्त माझ्याकडे बघतात. रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं 'ग्रेड 2 फॅटी लिव्हर'. पेशंटला खरोखर वाटत असतं की ही चूक मशीनची असावी, कारण त्यांच्या मते लिव्हर खराब होतं ते स्वस्त दारूने.

हा समज आपल्या बुलढाणा जिल्ह्यात इतका पक्का आहे की त्यावर सविस्तर लिहायला हवं. लग्नाच्या आदल्या रात्री, शेतावरच्या पार्टीत, कुणी पुण्याहून किंवा दुबईहून बाटली आणली की चर्चा रंगते. बारा वर्षं मुरलेली चांगली की अठरा? धुराच्या वासाची की गोडसर? मर्यादित संख्येत काढलेल्या नव्या बाटलीत खरंच काही दम आहे, की नुसता डबाच सुंदर? आणि एक जण हमखास म्हणतो, "अरे, त्या पैशात आपले चार खंबे येतात." चवीवरचा हा वाद त्यांनी खुशाल घालावा. माझी अडचण वादाच्या शेवटच्या वाक्याशी आहे: "चांगलीतली घेतली की बाधत नाही."

आधी बाटलीवरचा एक आकडा वाचा. महाराष्ट्रात मिळणाऱ्या बहुतेक भारतीय व्हिस्कीवर 42.8% असं छापलेलं असतं. म्हणजे 100 मिलीमध्ये 42.8 मिली शुद्ध अल्कोहोल. एक मिली अल्कोहोलचं वजन साधारण 0.79 ग्रॅम. हिशेब केला तर 30 मिलीच्या छोट्या पेगमध्ये जवळपास 10 ग्रॅम अल्कोहोल येतं, 60 मिलीच्या मोठ्या पेगमध्ये 20 ग्रॅम आणि 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये 60 ग्रॅम. लिव्हरला एवढाच हिशेब कळतो. बाटली दीडशेची होती की पंधरा हजारांची, हे सांगणारी कोणतीही यंत्रणा लिव्हरमध्ये नाही.

आता भारीतल्या बाटल्यांकडे बघू. गेल्या वीस वर्षांत भारतीय सिंगल माल्टचं नाव जगात झालं. बंगळुरूच्या अमृतने 2004 मध्ये आपली सिंगल माल्ट ग्लासगोत नेऊन विकायला सुरुवात केली, गोव्यात पॉल जॉन तयार होते, उत्तरेत रामपूर आणि इंद्री आहेत. आपल्याकडे उष्णता जास्त असल्याने लाकडी पिंपातली व्हिस्की झपाट्याने मुरते आणि झपाट्याने उडूनही जाते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला दोनेक टक्के उडते, आपल्याकडे दहा टक्के किंवा त्याहून जास्त. म्हणून ती महाग पडते. हे सगळं खरं आहे, आणि त्या कारागिरीबद्दल मला आदरच आहे. पण यातल्या बऱ्याच बाटल्यांची तीव्रता 42.8 नसते. काही 46% असतात, अमृत फ्युजन 50% आहे, आणि पिंपातून काढून पाणी न घालता भरलेल्या बाटल्या 60 टक्क्यांच्या आसपास जातात. त्या 60 टक्केवाल्या बाटलीचा छोटा पेग म्हणजे 14 ग्रॅम. रोज क्वार्टर घेणारा माणूस 'आता फक्त चांगलीतली, तीनच लार्ज' असं ठरवून 50% वर आला, तर तीन लार्ज म्हणजे तेच 180 मिली, आणि अल्कोहोल 60 ग्रॅमवरून 71 ग्रॅमवर गेलं. खर्च वाढला, प्रतिष्ठा वाढली, लिव्हरवरचा भारही वाढला.

त्यात घरी कोणी माप वापरत नाही. पेशंटने सांगितलेला 'एक पेग' मी मनात दीड धरतो.

एक गंमत सांगतो. आपल्याकडे देशी दारूला लोक 'संत्रा' म्हणतात, कारण तिला संत्र्याचा स्वाद लावलेला असतो. अमृतने काही वर्षांपूर्वी 'नारंगी' नावाची एक खास बाटली काढली, तिच्यातही संत्र्याच्या सालीचा वास मुरवलेला आहे. एक घेणारा दुकानामागे उभा राहून पितो, दुसरा काचेच्या खास ग्लासात घालून वास घेतो. दोघांच्या लिव्हरमध्ये मात्र एकच काम चालतं. अल्कोहोलचं आधी अॅसिटाल्डिहाइड होतं, जे पेशींना विषारी आहे, आणि मग अॅसिटेट. हे काम लिव्हर तासाला साधारण एका छोट्या पेगच्या वेगाने करतं. लिंबू, ताक, अंघोळ, कडक चहा, कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवली तर पहाटे पाचपर्यंत रक्तात अल्कोहोल असू शकतं. सकाळी मुलाला शाळेत सोडायला किंवा राजूर घाटातून मलकापूरला निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे.

"पण भारीतली घेतल्यावर सकाळी डोकं दुखत नाही," हा पुढचा मुद्दा. दारूत इथेनॉलबरोबर इतर रसायनं थोड्या प्रमाणात असतात, ती आंबवताना आणि लाकडात मुरताना तयार होतात. चव आणि रंग त्यांच्यामुळेच येतो. दुसऱ्या दिवशीचा त्रास काही अंशी या रसायनांमुळे वाढतो. गडद रंगाच्या बर्बनने पारदर्शक व्होडकापेक्षा जास्त हँगओव्हर होतो, असं प्रयोगांत दिसलंय. म्हणजे उलटंच झालं की! मळीपासून केलेल्या जवळपास निर्गंध स्पिरिटवर बनणाऱ्या साध्या व्हिस्कीपेक्षा खऱ्या माल्टमध्ये ही रसायनं जास्त असतात. मग डोकं कमी का दुखतं? बहुतेक वेळा कारण साधं असतं: महाग बाटली माणूस सावकाश, जेवणासोबत, पाणी घालून पितो आणि कमी पितो. फायदा कमी पिण्याचा असतो, श्रेय बाटलीला मिळतं. आणि डोकं दुखलं नाही म्हणजे लिव्हर वाचलं, असंही नाही. लिव्हर दुखून सांगत नाही.

स्वस्त दारूचा एक धोका मात्र खरा आहे, तो लपवणार नाही. हातभट्टीच्या किंवा बनावट दारूत मिथेनॉल असू शकतं. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. प्यायल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धुरकट दिसणं, पोटात जोरात दुखणं, श्वास जोरजोरात चालणं असं झालं तर 'उतारा' म्हणून आणखी पाजत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या. बनावट माल भारी बाटल्यांतही भरला जातो. म्हणून रिकामी सुंदर बाटली मनीप्लँटला वापरा किंवा फोडून टाका, भंगारवाल्याला अख्खी देऊ नका.

आता पैशाला परवडणारी कोणती, हा प्रश्न. जून 2025 मध्ये राज्य सरकारने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर'चा नवा वर्ग काढला. तेव्हा 180 मिलीची किमान किंमत देशीला 80 रुपये, या नव्या वर्गाला 148, भारतीय बनावटीच्या विदेशी दारूला 205 आणि प्रीमियमला 360 अशी ठरली. तेव्हापासून ओपीडीत नवा प्रश्न येतो: "ही धान्याची आहे म्हणे, मग बरी ना?" ज्वारीची असो, तांदळाची असो की मळीची, गाळून आलेलं इथेनॉल तेच. रोजची एक क्वार्टर 205 वरून 148 वर आणली तर महिन्याचे 6,150 रुपये 4,440 होतात, अल्कोहोल एक ग्रॅमही कमी होत नाही. वाचलेल्या पैशात आणखी एक क्वार्टर आली, तर उलट वाढतंच.

बिअरबद्दलही थोडक्यात. 650 मिलीच्या 8% स्ट्राँग बिअरमध्ये 41 ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे चार छोटे पेग. 'मी फक्त बिअर घेतो' हे वाक्य आम्ही डॉक्टर फार मनावर घेत नाही.

"मग किती चाललं?" जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की पूर्णपणे सुरक्षित असं प्रमाण नाही. 1988 पासून दारू कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात आहे; तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, आतडं आणि स्तन यांचा धोका तिने वाढतो. सोबत तंबाखू किंवा गुटखा असेल, आणि आपल्याकडे तो असतोच, तर तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी चढतो. न पिणाऱ्याने हृदयासाठी म्हणून सुरू करू नये. जो घेतोच, त्याला मी म्हणतो: जितकं कमी, तितका धोका कमी. फॅटी लिव्हर, शुगर, बीपी, वाढलेले ट्रायग्लिसराइड, कावीळ होऊन गेलेली, किंवा गरोदरपण असेल तर शून्य. शुगरच्या काही गोळ्यांवर रिकाम्या पोटी दारू घेतली तर साखर धोकादायक खाली जाते, आणि आजूबाजूचे समजतात चढली आहे.

फॅटी लिव्हरच्या टप्प्यावर थांबलात तर लिव्हर मन मोठं करतं. काही आठवड्यांत चरबी उतरू लागते. पुढे सूज, मग सिरोसिस. तिथून मागे येणं अवघड असतं. एक सावधगिरी: एसजीओटी, एसजीपीटी नॉर्मल आले म्हणून निश्चिंत होऊ नका. सिरोसिसमध्येही ते नॉर्मल येऊ शकतात. पायावर सूज, पोट फुगणं, डोळे पिवळे, रक्ताची उलटी, काळी शौच, दिवसा झोप आणि रात्री जागरण, यातलं काहीही असेल तर वाट बघू नका.

घरच्यांसाठी मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं.

गटारी झाली की श्रावण लागतो, आणि बरेच जण एका दिवसात बंद करतात. कुणी शेगावला जाऊन माळ घालतं. इच्छा उत्तमच आहे. पण अनेक वर्षं रोज भरपूर घेणाऱ्याने अचानक थांबवलं, तर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते पाच दिवसांच्या दरम्यान काहींना भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, ते ओळख विसरतात, अंगावर धावून जातात. घरचे म्हणतात बाहेरचं झालं. हा आजार आहे, डेलिरियम ट्रेमेन्स, आणि त्यात जीव जाऊ शकतो. सैलानीला जायचं असेल तर जा, दुवा आणि दवा दोन्ही चालतात, पण अशा अवस्थेत दवा आधी. काल संध्याकाळी जेवण टाकून थरथरत पडलेल्या माणसाला आज सकाळी गावात एक ग्लुकोजचं सलाईन लावून घरी पाठवलं, असंही घडतं. जास्त पिणाऱ्याला व्हिटॅमिन बी-1 म्हणजे थायमिन आधी किंवा सोबत द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांना पिण्याचा खरा आकडा सांगा. आम्ही रागावलो तरी सांगा.

दुसरं, भिंतींवर रंगवलेल्या 'न सांगता दारू सोडवा' या जाहिराती. भाजीत मिसळून द्यायच्या त्या पुडीत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. कधी त्यात डायसल्फिरामसारखं औषध असतं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर छातीत धडधड, उलट्या, बीपी एकदम खाली, असं होतं. हे औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून.

सोडायचं ठरलं असेल तर श्रावणाच्या आठवडाभर आधी या. बहुतेकांना पाच-सात दिवसांच्या गोळ्यांनी आणि देखरेखीने हा काळ निभावता येतो. आधी कधी फिट आली असेल किंवा भ्रम झाला असेल तर भरती करावं लागतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात विचारा. टेलिमानस 14416 आणि नशामुक्तीसाठी 14446 हे दोन्ही सरकारी क्रमांक मोफत आहेत, घरच्यांनीही लावले तर चालतात. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतंय.

येताना सोनोग्राफीचा जुना रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि बाटलीच्या लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत आणा. मला त्या फोटोतला फक्त टक्केवारीचा आकडा बघायचा असतो.