प्रोटीन तेच, कोडॉन वेगळे: मग अँटिबॉडी कमी-जास्त का निघते?

कुत्रा चावून रक्त आलं, तर रेबीजच्या लसीसोबत जखमेत तयार अँटिबॉडीही टोचावी लागते, कारण लसीने शरीराच्या स्वतःच्या अँटिबॉडी तयार होईपर्यंत आठवडाभर तरी जातो. ही अँटिबॉडी घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढतात. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची 'रॅबिशिल्ड' मात्र सीएचओ, म्हणजे चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून आलेल्या पेशींत बनते. असं औषध चौसाळ्यासारख्या गावापर्यंत पोचायचं तर ते परवडायला हवं. त्यासाठी एक लिटर कल्चरमधून अँटिबॉडी किती निघते हे महत्त्वाचं.

इथे कोडॉनचा प्रश्न येतो. 64 पैकी 61 कोडॉन 20 अमिनो आम्लांसाठी आहेत. ल्युसीनला सहा, मेथिओनीनला एकच. म्हणजे अँटिबॉडीची तीच साखळी असंख्य प्रकारे लिहिता येते. प्रोटीन तेच, पण पेशीला सगळं लिखाण सारखं नसतं. ल्युसीनसाठी सीटीजी हा कोडॉन सीएचओ पेशी भरपूर वापरतात, टीटीए क्वचित. दुर्मिळ कोडॉनचा टीआरएनए कमी असला की रायबोसोम तिथे रेंगाळतो. कोडॉन बदलले की एमआरएनएच्या घड्या आणि त्याचं आयुष्यही बदलतं; कधी नको तिथे स्प्लाइसिंगही होतं.

मग सगळीकडे वेगवान कोडॉन टाकले की झालं? नाही. प्रोटीन बनता बनताच घडी घेत असतं, काही ठिकाणी संथपणा कामाचा असतो. 2007 मध्ये एमडीआर1 जीनवरच्या कामात दिसलं, की अमिनो आम्ल न बदलणाऱ्या बदलानेही प्रोटीनचं वागणं बदलतं. शिवाय अँटिबॉडीत दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात. हलकी साखळी मिळाली नाही तर जड साखळी पेशीतच अडकून पडते. नुसती जड साखळी वाढवून उपयोग नाही.

आता प्रयोगाचं. दोन डिझाइनची तुलना एकेका क्लोनवरून करू नका. जीन जीनोममध्ये कुठे बसला आणि किती प्रती बसल्या, यानेही उत्पादन खूप बदलतं. दोन्ही डिझाइन एकाच जागी बसवा, नाहीतर अनेक स्वतंत्र पूल घ्या. जीनच्या प्रती, एमआरएनए, पेशीतलं प्रोटीन आणि बाहेर आलेली अँटिबॉडी, चारही मोजा. एमआरएनए सारखा आणि अँटिबॉडी कमी असेल, तर अडचण भाषांतरात, घडीत किंवा स्रवण्यात आहे. नुसता एलायझाचा आकडा हे सांगत नाही.